मुक्ताकाकू माझ्या शेजारी येऊन बसल्या

जमलेल्या ताई-दादांनो, आणि पाटकीकाका,

मला चार माणसांत बोलायची सवय नाही. काकांनी सांगितलं म्हणून उभा राहिलोय. मध्येच थांबलो तर सांभाळून घ्या. मी नजीर, दाभोळचा. इथे आखातात, कुरुममध्ये सुतारकाम करतो. मुक्ताकाकू गेल्या, हे अजून माझ्या तोंडून नीट निघत नाही.

तुम्ही त्यांना गणपतीत मोदक वळणाऱ्या गोऱ्या काकू म्हणून ओळखता. त्यांचं मूळ नाव लिबर्ताद. म्हणजे स्वातंत्र्य. लग्नानंतर पाटकीकाकांच्या आईने, म्हणजे त्यांच्या सासूबाईंनी, अर्थ विचारला आणि मुक्ता करून टाकलं. ते मूळ नाव ठेवलं होतं त्यांच्या वडिलांनी. ते स्पेनमधल्या छापखान्यात कामाला होते. अराज्यवादी होते. म्हणजे काय, हे काकूंनी मला सोपं करून सांगितलं होतं. "कुणाच्या डोक्यावर बसायचं नाही, कुणाला आपल्या डोक्यावर बसू द्यायचं नाही." तिथल्या यादवी युद्धात हुकूमशहा जिंकला, आणि ते बर्फातले डोंगर ओलांडून फ्रान्समध्ये गेले. काकू तिथेच जन्मल्या.

हे त्यांनी मला कुठे सांगितलं? माझ्या अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, ऑफिसबाहेर.

काही वर्षांपूर्वी गावाहून फोन आला, आई सिरियस आहे. माझा पासपोर्ट अर्बाबकडे. तो म्हणाला, हातातलं काम संपव, मग जा. तेव्हा मी काकूंच्या घरी कपाट बसवत होतो. त्यांनी विचारलं, "नजीर, डोळे का लाल झालेत?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसबाहेर बाकावर बसलो होतो, तर काकू विणकाम घेऊन माझ्या शेजारी येऊन बसल्या. भांडल्या नाहीत. अर्बाब दिसला की एवढंच म्हणायच्या, "याचा पासपोर्ट द्या. याची आई आजारी आहे." आणि पुन्हा विणायला लागायच्या. रोज यायच्या. रोज तेच.

मी म्हणालो, "काकू, तुम्ही कशाला त्रास घेता? मी तुमच्या ना गावचा, ना धर्माचा."

त्या म्हणाल्या, "फ्रान्सच्या छावणीत माझे बाबा तापाने फणफणले होते. इटलीतून पळून आलेल्या एका चांभाराने त्यांना आपलं घोंगडं दिलं. त्यालाही फॅसिस्टांनी देशोधडीला लावलं होतं. दोघांना एकमेकांची भाषासुद्धा धड येत नव्हती." मग विणकामाची एक ओळ संपवली. "पुढे बाबांची आई स्पेनमध्ये आजारी पडली. गेले असते तर थेट तुरुंगात. स्टेशनपर्यंत जाऊन परत आले. तिला पाहिलंच नाही त्यांनी."

शेवटी अर्बाब कंटाळला. पासपोर्ट टेबलावर टाकला. "खलास. जा." मी गेलो. पोचलो तेव्हा आईचं दफन होऊन गेलं होतं.

परत आलो, काकूंनी दार उघडलं. "भेटलास?"

मी नाही म्हटलं. त्या चौकट धरून उभ्या राहिल्या. "मला थोडं आधी कळायला हवं होतं," म्हणाल्या. मी किती समजावलं. काकू, तुमच्यामुळे कबरीवर मूठभर माती तरी टाकता आली. त्यांना पटलं नाही. शेवटपर्यंत पटलं नाही. जे त्यांच्या हातात नव्हतं, ते त्या उरावर घेऊन गेल्या. याचंच मला फार वाईट वाटतं.

येत्या हिवाळ्यात त्या आजीची कबर शोधायला स्पेनला जाणार होत्या. तेही राहिलं.

काकू देव मानत नव्हत्या. मी एकदा विचारलं होतं, "तुमच्यासाठी दुआ मागितली तर चालेल ना?" हसल्या. म्हणाल्या, "माग. पण मोठ्याने नको."

तर आता, ज्याला जे मागायचं असेल, त्याने ते मनातल्या मनात मागावं.