खालची मूठ

सासू : काय शोधतेस गवतात? इतकं वाकून तर तू मला कधी नमस्कारही केला नाहीस.

सून : मूठ पडली, आई. लांब दांड्याच्या विळ्याची, खालच्या हाताची.

सासू : उभ्याने दोन्ही हातांनी फिरवायचा विळा, आणि चालता चालता मूठ पडली? वा. पाय आहेत ना जागेवर?

सून : दोन्ही आहेत.

सासू : मग सावकाश शोध. उद्या तुझा नवरा गवत कापायचं यंत्र आणणारच आहे, त्याच्या पात्यात अडकली की सापडेल.

सून : संध्याकाळपर्यंत सगळं कापते असं त्यांना सांगून बसलेय मी. नाही झालं, तर यंत्र येणार आणि ते विळा बाहेरच्या खोलीत भिंतीवर टांगणार. शोभेला.

सासू : शेजारी एक खिळा माझ्यासाठीही ठोका म्हणावं. ही बघ, इथे पडलीय. माझ्या कुबडीपाशी. थांब, ही मूठ कुठली?

सून : मी केली. परवा.

सासू : कशाची?

सून : कुंपणाची फांदी छाटली ना, तिची. ताजी होती, चाकू लोण्यासारखा चालला.

सासू : चालणारच. आणि दांडा?

सून : दुकानातला. सुकलेला, छान आहे.

सासू : सुकलेल्या दांड्यात ओली मूठ. दोन दिवस उन्हात तापली, आकसली, निघाली बिचारी फिरायला. कोणी शिकवलं गं हे? फोनने?

सून : घट्ट बसली होती हो ठोकली तेव्हा.

सासू : ठोकल्यावर सगळंच घट्ट बसतं. मूठ वाळवून घ्यायची असते. जाऊ दे. माझ्या दांड्याला काय झालं होतं?

सून : काही नाही. दाराआड आहे.

सासू : आणि पातं? ते तर माझंच दिसतंय.

सून : तेवढं काढून घेतलं.

सासू : न विचारता.

सून : विचारलं होतं गेल्या साली. तुमची खालची मूठ जरा वर सरकवू का, म्हटलं. तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत.

सासू : माझं पोट बिघडलं होतं.

सून : हो, आणि मी दांड्याला नवं भोक पाडणार नाही म्हटल्यावर लगेच बरं झालं. आई, तुमच्या मापाच्या दांड्याने मला कमरेत वाकून कापावं लागतं. रात्री कूस बदलता येत नाही. तुमचं मन मोडायचं नव्हतं, म्हणून हा उपद्व्याप केला.

सासू : मन मोडायचं नव्हतं म्हणून पाय तोडायला निघाली होतीस. घरात दोन लंगड्या झाल्या असत्या. फार शोभलो असतो.

सून : बोला, बोला. तेवढ्यात ऊन उतरेल.

सासू : माझा दांडा घेऊन ये. भोक पाडायला गिरमिट आण. आणि माझ्या कपाटात लोकरीच्या कपड्यांखाली एक पुडकं आहे, तेही. उघडू नकोस.

(सून घरात जाऊन येते. पुडकं उघडलेलं आहे; आत एक लाकडी मूठ.)

सासू : उघडू नकोस म्हटलं होतं.

सून : आई, ही मूठ माझ्या हाताच्या मापाची आहे.

सासू : मग काय शेजारणीची असणार? माझं मांडीचं हाड मोडलं तेव्हा वर्षभर तू मला रोज उचलून बसवायचीस. तुझा पंजा पाठ झाला मला. पडल्या पडल्या दुसरा उद्योग काय होता?

सून : म्हणजे तेव्हापासून आहे ही? मग दिली का नाहीत?

सासू : वाळत होती.

सून : इतकी वर्षं?

सासू : काही लाकडं वेळ घेतात. आता रडत बसू नकोस, गिरमिट गंजेल. दांडा उभा धर. कमरेचं हाड कुठे येतं तुझं? तिथे खूण कर.

सून : तुमच्या मुठीपासून चांगलं चार बोटं वर येतंय.

सासू : येणारच. ती काढ. जुन्या भोकात पाचर ठोक, नाहीतर दांडा तिथेच मोडेल.

सून : पाचर ठोकली की तुमची मूठ परत बसणार नाही. तुम्ही तर म्हणता, पुढच्या साली मी कापणार.

सासू : दर साली म्हणते. म्हणायला काही कुबड्या लागत नाहीत. ठोक.

सून : तुम्ही तिकडे बघा हवं तर.

सासू : बघतेच आहे. भोक तिरकं पाडशील म्हणून बघतेय, दुसरं काही नाही. हं. आता नवी बसव. अजून एक ठोका. ती जुनी इकडे दे माझ्याकडे.

सून : ही घ्या. अगदी गुळगुळीत झालीय हो.

सासू : माहीत आहे मला. पातं चढव. धर आता दांडा. खांदे सोड, एक हात मारून दाखव.

सून : आई, वाकावंच लागत नाही.

सासू : हं.

सून : काय बघताय?

सासू : काही नाही. सरळ उभी राहिलीस की बरीच उंच आहेस गं तू.