नंबर तोच आहे

चश्मेवाला : काका, तिसऱ्यांदा तपासलं. दोन वर्षांपूर्वीचाच नंबर आहे. जराही फरक नाही.

वडील : मग तुमचं मशीन बिघडलंय.

मुलगी : बाबा!

वडील : बाबा काय बाबा? चाळीस वर्षं शिवणकाम केलंय मी. आणि मागच्या महिन्यात काळ्या कोटाला निळ्या दोऱ्याने काजं केली. गिऱ्हाईकाने कोट तसाच माझ्या हातात परत दिला. त्याच दिवशी दुकानाला कुलूप घातलं. मला दिसत नाही, इतकं साधं आहे ते.

मुलगी : डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवलं हो. मोतीबिंदू नाही, काही नाही. हे मात्र शिवणयंत्र देऊन टाकायला निघालेत. उद्या माणूस येतोय न्यायला.

चश्मेवाला : चश्मा द्या बघू इकडे. ...अरे अरे! काका, हा पुसता कशाने?

वडील : शर्टाच्या टोकाने. तोंडाची वाफ द्यायची नि पुसायचं. आणखी काय?

चश्मेवाला : तिथेच घात होतो. तुमच्या शर्टावर खडूची भुकटी, यंत्राचं तेल. कोरडं पुसलं की ती भुकटी काचेवर घासली जाते. हे बघा, उजेडात धरतो. केवढे चरे! वर तेलकट थर. यातून सुई सोडा, सुई विकणारासुद्धा दिसायचा नाही.

वडील : थट्टा करू नका. चश्मा हाच होता, शर्ट हेच, खडूही हाच. इतकी वर्षं कसं स्वच्छ दिसत होतं? हिची आई गेली आणि वर्षभरात डोळेही गेले.

चश्मेवाला : आधी धूत कोण होतं?

वडील : चश्मा कोण धुतो? कुणीच नाही.

मुलगी : आई धुवायची.

वडील : काय?

मुलगी : रोज. तुम्ही अंघोळीला गेलात की. गार पाण्याचा नळ बारीक सोडायची. आधी नुसत्या पाण्याखाली धरून धूळ वाहून जाऊ द्यायची. मग भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, बोटांनी हलकेच, दोन्ही बाजूंनी. नाकावर टेकतं तिथला मळ जुन्या ब्रशने काढायची. आणि मऊ फडक्याने टिपून घ्यायची.

चश्मेवाला : मी हेच सांगणार होतो. फडकं तेवढं वेगळं हवं, धुतलेलं.

मुलगी : वेगळंच होतं. दुसऱ्या कुणी हात लावला की ओरडायची.

वडील : मला कधी बोलली नाही.

मुलगी : तुम्ही कधी विचारलं नाहीत.

वडील : शेवटी शेवटी तर तिला उठवतही नव्हतं.

मुलगी : पलंगाशी पाणी मागून घ्यायची. मी धुते म्हटलं तर म्हणायची, नको, तू घाई करतेस.

वडील : (चश्मा उचलून) नळ कुठे आहे तुमच्याकडे?

चश्मेवाला : आत, उजव्या हाताला. साबण तिथेच आहे. चरे जायचे नाहीत काका, काचा बदलाव्या लागतील. पण थर निघेल.

वडील : तू नको येऊस गं. माझं मी धुतो.

चश्मेवाला : ताई, तुम्हाला माहीत होतं, मग सांगितलं का नाही?

मुलगी : दोनदा तोंड उघडलं होतं. पण आईचं नाव काढलं की हे ताटावरून उठून जातात. म्हटलं, परक्या माणसाने सांगितलं तर ऐकून तरी घेतील.

चश्मेवाला : आले बघा. लावा, काका.

वडील : थांबा, कडेला एक थेंब राहिलाय. ...हं.

मुलगी : दिसतंय?

वडील : उद्या येणाऱ्या माणसाला नको म्हणून कळव.

मुलगी : कळवते.

वडील : आणि इकडे बघ. अशी, उजेडाकडे.

मुलगी : काय झालं?

वडील : कानाजवळचे केस गं तुझे. कधी पिकले?

मुलगी : याच वर्षात, बाबा.