जाड का बारीक

आमच्या थोरल्या अण्णासंगट बाजारला जाऊ नका, एवढंच सांगतो. गावाकडं गुंजीत भातात डुकरं शिरली म्हणून ठासणीच्या बंदुकीला बारूद घ्यायला बेळगावला आलता. मी हापिसातनं अर्धी रजा टाकून गेलतो.

दुकानात अण्णानं जाड बारूद चिमटीत चोळून बघितली, मग बारीक. “जाडीला धूर लई, बारकीला धक्का लई.” दीड तास हेच! नवरी बघायला तरी एवढा वेळ कुठं लावलता?

शेवटी दुकानदार वैतागला. “नळी केवढी हाय?”

“पोलीस ठाण्यात जाऊन मोजून येतो.”

मी उडालोच. “ठाण्यात?”

“इलेक्शन हाय न्हवं? बंदूक कवाच जमा केलीया.”

“मग बारूद आत्ता कशाला?”

अण्णा माझ्यावरच खेकसला, “आचारसंहिता डुकरांना लागू हाय व्हय रं?”