चार सायकलचा कागद

नाही हो आनंदकाका, तीन सायकलचा नको, तो आहे घरी — चार सायकलचा सेमीलॉग ग्राफपेपर हवाय. प्रॅक्टिकलला नाही, बीएस्सी होऊन दोन वर्षं झाली. पप्पांसाठी. ठाण्याला ॲडमिट आहेत ना — अगं बाई! शटर होय? दचकलेच. तर प्रोस्टेटचा एक आकडा असतो रक्तात, दर महिन्याला काढायचो आम्ही. चारचा नऊ झाला, नऊचा एकवीस, मग पन्नास. आई सारखी विचारायची, वाढतोय का गं? म्हणून मी ग्राफ काढला. सेमीलॉगवर, घरात तोच उरलेला — ह्या कागदावर एक ते दहाला जेवढी जागा, म्हणजे एक सायकल, तेवढीच दहा ते शंभरला, तेवढीच शंभर ते हजारला. सरळ रेष आली, पट्टीने मारल्यासारखी. पप्पांनी ती फ्रिजवर लावली, कोपर गावातल्या आमच्या घरी येईल त्याला दाखवायचे — "पोरीनं काढलाय. रेष सरल हाय ना? मंग झाला." डॉक्टर म्हणत होते, सुई घालून तपासू, आत्ताच. पप्पा म्हणाले, दर्शनाची हळद होऊ दे. माझी बहीण. आमच्यात हळद म्हणजे — अख्खा गाव जेवतो, बापाला नाचायलाच लागतं. नाचले. चार महिने गेले त्यात. मी दर महिन्याला एक ठिपका वाढवत गेले, रेष तशीच. दुप्पट, दुप्पट होत गेलं की ह्या कागदावर सरळच दिसतं, हे मला माहीत नव्हतं? पहिल्याच प्रॅक्टिकलला शिकवतात. आणि तोच कागद उरलेला, हेही खोटं — साधाही होता घरी, काका. साध्यावरच काढलेला आधी. पन्नासचा ठिपका कागदाबाहेर जायला लागला, तेव्हा फाडला मी तो. घाबरले. आईला काय दाखवणार?

आता हाडांत गेलंय. कालचा आकडा अकराशे चाळीस — तीन सायकलमध्ये हजारच मावतात. डॉक्टर म्हणतात, घरच्यांनीच सांगा त्यांना. सगळे माझ्याकडे बघतात. आणि पप्पा सकाळी म्हणतात, "नवा ठिपका मांडलास का गो? आन तो कागद, बगू." चारचा मिळाला तर रेष परत तशीच येईल ना, म्हणून… नाहीये? कल्याणहून मागवाल? किती दिवस? — नको. नाही, साधाही नको. काय सांगू मी त्यांना — तुम्ही येऊन सांगता? नको, तुम्ही नका सांगू. असे बघू नका ना, काका. मागे गिऱ्हाईक उभं आहे, त्यांचं बघा.