मंगलच्या नावाआधीचं सौ.

मला चोंबडी म्हणा, पण हे ऐका. शेजारच्या मंगलचा नवरा जाऊन दोन महिने झाले होते, तरी तिच्या शिलाईच्या दुकानावर ‘सौ. मंगल’ असाच फलक होता. लोक बोलतील म्हणून मीच तिला शहाद्याला फलक छापणाऱ्या ताईंकडे नेलं आणि तिच्या आधी बोलले, “नावाआधीचं सौ काढायचंय.”

ताईंनी जुना मजकूर पडद्यावर आणला आणि खोडायचं बटण दाबलं. टिंब गेलं. पुन्हा दाबलं, तर नुसती काना-मात्रा गेली. स तसाच उभा.

“एकदम का नाही जात हो?” मी विचारलं.

“आपल्याला एक अक्षर दिसतं, काकू. पण कॉम्प्युटरमध्ये अक्षर वेगळं आणि त्याची काना-मात्रा वेगळी साठवलेली असते. खोडताना आधी काना-मात्रा जाते.”

त्यांचं बोट पुन्हा बटणाकडे गेलं, तसा मंगलनं त्यांचा हात धरला. ती आपल्या अहिराणीत म्हणाली,

“थांबा ताई. बांगड्या दुसऱ्यासनी काढ्यात, कुंकू दुसऱ्यासनी पुसं. हाऊ स तरी मी काढसू.”

तिनं बटण दाबलं. स गेला.

“आता काय लिहू, श्रीमती?” ताईंनी हळूच विचारलं.

“काहीच नको. नुसतं मंगल.”

एरवी मी मध्ये बोललेच असते. पण तिचं कुंकू पुसणारी मीच होते.