सही केलेला फॉर्म

(संडासाचं दार आतून बंद. बायको बाहेर उभी.)

ती : सकाळपासून चौथी खेप. रक्त पडतंय का?

तो : काहीतरी बाधलं असेल. जा तू, उशीर होतोय तुला.

ती : होऊ दे. रक्त पडतंय का, विचारलं मी.

तो : थोडं. आठ-दहा दिवस झाले.

ती : आणि ही तुमच्या मोज्यांखाली सापडलेली पाकिटं? एक गोळी काढलेली नाही. आतड्याची सूज उतरली तेव्हा डॉक्टरांनी काय बजावलं होतं? मोठा कोर्स संपला, पण या गोळ्या रोज घ्यायच्या, बरं वाटलं तरी. मी शेजारीच बसले होते.

तो : अगं, आम्हा क्रेनवाल्यांच्या तब्येतीच्या तपासणीचा फॉर्म आला. 'रोजचं औषध चालू आहे का?' हो लिहिलं की केबिनमधून खाली, गोदामात.

ती : मग 'नाही' लिहायचं.

तो : खोटं कसं लिहू? सही असते खाली. म्हणून आधी गोळ्या बंद केल्या, मग 'नाही' लिहिलं.

ती : धन्य आहे तुमची. कागदाशी खोटं बोलायचं नाही, आणि बायकोला रोज सकाळी 'घेतली हं' म्हणायचं. मी सही मागितली नाही, हेच चुकलं माझं.

तो : बरं वाटत होतं गं. वीस वर्षं वर बसलोय. आता खाली खोकी मोजू?

ती : खुशाल मोजा. गेल्या वेळी पाठीला हात लावला की हाडं लागत होती. पुन्हा ते बघायची ताकद नाही माझ्यात. संताप होतोय नुसता. वर कळ आली तर काय करता?

तो : दात आवळून बसतो.

ती : आणि हुकाला माल टांगलेला असला तर?

तो : काल होता. लोखंडी खांब. कळ अशी आली की लिव्हरवरचा हात सुटला. खांब हेलकावला. खाली इशारा द्यायला उभ्या माणसाची शिट्टी वाजतच राहिली.

ती : शिट्टी कोणाकडे होती?

तो : तुझ्या दादाकडे.

ती : काल फोनवर म्हणाला तो. वारा फार होता म्हणे.

तो : मीच सांगितलं त्याला तसं.

ती : दार उघडा.

तो : उघडतो. फोन लाव तू.

ती : डॉक्टरांनाच लावतेय.

तो : आधी दादाला लाव. काल वारा नव्हता.