‘आपण’ म्हणजे कोण

इंग्लंडमधल्या फ्लीटवूडला शुक्रवारी तळलेल्या माशांच्या दुकानापुढे रांग असतेच. माझ्या पुढे एक म्हातारी आणि तिची लेक उभी होती. नगरपालिका इथे लोकांना भाजी लावायला जमिनीचे तुकडे भाड्याने देते; तसा तुकडा परत करायचा फॉर्म लेकीच्या हातात होता.

“आई, भाजीचा प्लॉट परत करायचं आपण ठरवलंय ना? मग कर की सही.”

“आपण कधी ठरवलं?”

“रविवारी. मी आणि डेरेकने.”

“तू आणि तुझ्या नवऱ्याने. मग ‘आपण’ कशाला म्हणतेस, लिनेट? मी तेव्हा प्लॉटवर कांदे लावत होते.”

“गुडघे बघ स्वतःचे. डॉक्टरही म्हणाले, आता आपण वाकायचं नाही.”

“तो तरुण आहे, त्याने खुशाल वाकावं. त्या प्लॉटसाठी मी अकरा वर्षं यादीत थांबले. सोडायचं कारण काय लिहिलंयस?”

“‘आम्हाला आता झेपत नाही.’”

“पेन दे.”

“सुटले बाई. इथे खाली कर सही.”

“सही नाही. ‘आम्हाला’ तेवढं खोडलं. आता वाच.”

“‘लिनेटला आता झेपत नाही.’ आई, काय गं हे?”

“खरं तेच लिहिलंय. उद्या पोस्टात टाक, मला बटाटे काढायचेत. आता पुढे सरक, आपला नंबर आला.”